पिंपाचा तळ

१४ मार्च, संध्याकाळ

ती. ताईंस,

तुमचा गुडघा आता बरा असेल. माझी प्रकृती ठीक आहे. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेलो होतो. ऊन बरंच होतं.

तुमच्या बहिणीने मागे ठेवलेली पुडीची बरणी बरोबर नेली होती. ती तशीच जपून ठेवा, असं तुम्ही बजावलं होतंत. पण ही गेल्यावर हिची विद्यार्थिनी घरी येऊन सगळं सांगून गेली. पाण्यातला रंग ओढून घेणारी हिची आधीची पूड प्रयोगशाळेत नीट चालायची, कारखान्याच्या खारट, साबणाच्या पाण्यात मात्र हात टेकायची. म्हणून हिने शेवटी एक वेगळी पूड केली, आणि ती तपासायची राहून गेली. पिंपभर पाण्याला सगळी बरणी लागणार होती. जमलं नाही तर हिचं काम तिथेच संपणार, आणि बरणीही गेली.

झाकण मीच उघडून दिलं.

चिकणमाती, कोळसा आणि डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे कण, एवढंच मला कळतं. मी त्याला काजळ म्हणायचो, ही चिडायची. पिंपातलं रंगाचं पाणी गडद निळं होतं. पूड घालून बराच वेळ ढवळलं, मग पिंपाला बाहेरून मोठं लोहचुंबक लावलं. सगळं काळं एका बाजूला सरकून चिकटलं, आणि ताई, मला पिंपाचा तळ दिसला. इतकी वर्षं जेवताना नुसतं ऐकत होतो. पाहिलं आज.

तिथले रंगमास्तर नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. त्यांनी पांढऱ्या सुताची लड बुडवून पिळली. निळसर निघाली.  

विद्यार्थिनी म्हणाली, "मास्तर, हात बघू तुमचे."

कोपरापर्यंत निळे. मास्तर स्वतःच हसले. दुसरी लड तिने चिमट्याने बुडवली. पांढरीशुभ्र. मास्तर चिमटा उजेडात धरून बघतच राहिले.

"वहिनींनी केलं हे?"

मी मान हलवली.

ती पूड धुऊन पुन्हा वापरता येते. विद्यार्थिनी बरणीत परत भरून देत होती. मी नको म्हणालो, इथेच राहू दे. उद्याही तिथे पाणी असणारच. रागावू नका.

शर्टाच्या बाहीला रंग लागला होता. घरी येऊन भिजवला. बादलीतलं पाणी निळसर झालं. एरवी मोरीत ओतून मोकळा झालो असतो. आज हात होईना. बादलीवर ताट झाकलं आणि लिहायला बसलो.

या पत्राखाली एकट्याचाच नमस्कार.