कांद्याच्या बराखीतली चांदी

बोरी बुद्रुक, मळा
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय मोहिनी,

भरतच्या हाती हे पत्र बघून तुला वाटेल, अक्काला फोन करता येत नाही का? येतो की. पण फोनवर मी बोलत सुटते, समोरच्याला मध्ये बोटभर जागा ठेवत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? कागदावर निदान तुला हवं तिथं थांबता येईल. नऊ वर्षांत आपण लग्नाकार्यात भेटलो तेव्हा 'बरं आहे ना' याच्यापुढे गेलो नाही. तेव्हा आधी चहा ठेव, भरतलाही दे, आणि मग वाच.

इकडे कांद्याची लागण चालली आहे. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांच्या मिनतवाऱ्या करता करता माझा जीव जातो. सारजाबाईची शेळी बिबट्याने नेली. "मेल्याला गाभणीच दिसली का," म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. आत्याबाईंच्या वर्षश्राद्धाला तू मंचरहून आलीस, पंगतीत जेवलीस, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली नाहीस. मी बघत होते. त्या घरात आत्याबाईंची धाकटी सून म्हणून तू सतरा वर्षं भाकरी थापलीस, आणि पाण्याचा तांब्या मात्र बाहेरच मागितलास.

दिवाळीनंतर आपल्या मळ्यात दोन घरं फुटली. माणसं लग्नाला गेलेली, दाराला बाहेरून कुलूप, म्हणजे चोराला आमंत्रणच. भरत म्हणाला, "आई, बास आता. लई झाली तुझी लपवालपवी." त्याचंही खरंच आहे. तांदळाचा डबा, शिलाई मशीनचं पोट, उशीचा अभ्रा, मी जागा म्हणून सोडली नाही. एकदा तर डोरलं चुलीमागच्या कोनाड्यात लिंपून टाकलं आणि महिनाभर स्वतःच शोधत बसले. शेवटी तूच तो कोनाडा फोडलास आणि हसून हसून खाली बसलीस. तर या वेळी मी भरतचं ऐकलं. नारायणगावच्या बँकेत लॉकरसाठी वर्षभर आपला नंबर लावलेला होता, तो आला. घरभर पेरलेलं सगळं गोळा करायला बसले, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी ते काळं गाठोडं हाताला लागलं.

तुला आठवत नसेल असं मी म्हणणार नाही. त्या साली वारूळवाडीकडे चोऱ्या व्हायला लागल्या होत्या आणि आत्याबाईंच्या तोंडी एकच, चोर आधी कपाट फोडतो. मग मीच शक्कल काढली, की कांदा साठवायच्या बराखीत ठेवू, दोनशे पिशव्या कांदा उपसत कोण बसतंय. आत्याबाईंचे तोडे, त्यांचा कमरपट्टा आणि तुझे माहेरचे पैंजण, असं सगळं जुन्या लुगड्यात बांधून वैशाखात तळाशी सरकवलं. आपण तिघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मध्ये आम्ही सगळे देवाला गेलो आणि बराखीतला सडका कांदा निवडायला तू एकटी घरी राहिलीस. दसऱ्याला गाठोडं सोडलं, तर आत चांदी नाहीच. तव्याच्या बुडासारखं काळंठिक्कर. चिंच लावली, रांगोळीने घासलं, तांबूस डाग तेवढे पडले.

ओसरीवर सारजाबाई धरून चार बाया बसल्या होत्या. मी म्हणाले, "ठेवली तवा चांदी व्हती. आता तांब्यावर पाणी मारलेलं कसं झालं? घरी तर मोहिनीच व्हती." त्याच महिन्यात रामनाथ भावजींनी जुनी पिकअप घेतली होती, हेही बोलून दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, झाकली मूठ, घरची अब्रू सोनाराच्या दुकानात न्यायची नाही. ते मला सोयीचंच पडलं. तू आपले पैंजण तेवढे उचललेस आणि दिवाळीच्या आत तुमचं बिऱ्हाड मंचरला गेलं.

आता आत्याबाई नाहीत. लॉकरला भाडं पडतं, मग खोट्या तोड्यांना त्यात जागा कशाला अडवायची, अशा हिशेबी बुद्धीने मी ते गाठोडं नारायणगावला सोनाराकडे नेलं. म्हटलं, मोडीत काय येईल ते बघा. म्हातारा सोनार आहे, चष्मा कपाळावर ठेवून बघतो. त्याने तोड्याला कानस लावली, आतून पांढरं निघालं. "बाई, खरी चांदी हाय ही. जुनी हाय, चोख हाय. गंधकानं खाल्लीय. कांद्यात ठिवली व्हती का काय?" मी हो म्हणाले. "कांद्यानं बी काळी पडती, पर एवढी न्हाई. वर गंधकाची पावडर मारली आसंल कुणीतरी."

मोहिनी, ती पावडर मीच मारली होती. त्या साली कांदा फार सडत होता म्हणून तुम्हां कुणाला न सांगता आख्खी पिशवी मोकळी केली, खालीवर, कोपऱ्याकोपऱ्यात. नाकाला पदर बांधून, मोठ्या हुशारीने. सोनाराने तोडे तापवले, कसल्याशा पाण्यात बुडवले, रिठ्याने घासले आणि माझ्या हातावर ठेवले. आत्याबाईंच्या पायात असायचे तसेच पांढरेशुभ्र. मला दुकानातल्या बाकावर बसावं लागलं. त्याने पाणी आणून दिलं, त्याला वाटलं आनंद झाला.

घरी येईपर्यंत एकेक आठवायला लागलं. तुझे स्वतःचे पैंजणही त्याच गाठोड्यात होते, तेही तसेच काळे झाले होते. आपलीच चांदी कुणी बदलून ठेवतं का? हा प्रश्न त्या दिवशीही माझ्या पुढ्यात होता. मी तेव्हा स्वतःलाच सांगितलं, डोळ्यांत धूळ फेकायला केलं असेल. पुढं तुझ्या श्रेयाच्या साखरपुड्यात तेच पैंजण तुझ्या पायात बघितले, पांढरे. मी म्हटलं, नवे केलेले दिसतात. म्हणजे तुला कधीपासून ठाऊक होतं! तू उजळून घेतलेस, तुला कारणही कळलं असणार, तरी तू सांगायला आली नाहीस. आधी मला याचा रागच आला, खोटं कशाला बोलू. मग दोन दिवसांनी उमजलं. तू सांगितलं असतंस, तर मी चांदीवर विश्वास ठेवला असता, तुझ्यावर नाही. ते तुला नको होतं.

मला फार वाईट वाटतं, मोहिनी. चूक पावडर मारण्याची नव्हे, ती कुणाच्याही हातून होते. मला तुझ्यावर संशय घेणं सोपं गेलं, ती चूक. मी थोरली, कारभारीण, माझी शक्कल चुकणारच नाही, या ताठ्यापायी तुला घराबाहेर काढलं आणि वर नऊ वर्षं मीच गाल फुगवून बसले.

गेल्या गुरुवारी हळदीकुंकू होतं. त्या चारही बायांना मुद्दाम बोलावलं आणि त्याच ओसरीवर सांगितलं, "चांदी खरी व्हती. मोहिनीनं कायबी केलं न्हवतं. गंधक मी मारलं व्हतं." मग सारजाबाईच म्हणाली, "ह्ये सांगाया नऊ वर्सं लागली व्हय गं तुला?" मी म्हटलं, लागली.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. लॉकरच्या फॉर्मवर दुसऱ्या नावाला जागा असते. बँकेतले साहेब म्हणाले, मुलाचं घालायचं ना? मी म्हटलं, धाकट्या जावेचं घाला. दोघींपैकी कुणी एकीने गेलं तरी उघडतं, तसंच लिहून घेतलं आहे. माझ्या सह्या झाल्या. तुझी सही राहिली, तेवढ्यासाठी तुला आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन नारायणगावला जावं लागेल. आत्याबाईंचं, माझं, सगळं आत आहे. काय काय आहे याची यादी मी केली नाही, करणारही नाही. चावी या पाकिटातच आहे, आपल्याकडे ती एकच असते. तुला हे नकोच असेल तर ती भरतच्या हाती परत दे, मी समजून जाईन, तुला दोष देणार नाही. पण गेलीस तर एकटी जा. मी बरोबर येणार नाही, भरतलाही पाठवणार नाही. आत हवा तेवढा वेळ बस. आणि बँकेत कुणी विचारलंच, की थोरल्या बाई नाही आल्या, तर सांग, त्यांनी यायची गरज नाही.

तुझीच,
वैजयंती अक्का