आईच्या खुब्यातला गोळा

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या कारखान्यातला सिरॅमिकचा गोळा आईच्या खुब्यात छान रुळलाय. काठी दाराआड गेली. काल जिना चढून गच्चीवर पोचली आणि वरून मलाच हाका मारत होती. मी खाली धापा टाकतेय! भेटेल त्याला ती सांगते, माझ्या लेकाने भट्टीत भाजलेलं हाड आहे.

लोभ आहेच, पत्रं तेवढी मोठी लिही.

तुझी,
धाकटी

ता. ११ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

आधी आईचा जिना बंद कर. तिचा गोळा ज्या खेपेतला, त्या खेपेचे उरलेले गोळे मी क्ष-किरणांखाली पाहिले. आतले अणू रांगेत, आपापल्या जागी हवेत. भट्टीची आच बिघडली होती, त्यामुळे रांगा विस्कटल्यात. अंगातल्या ओलाव्याने ही सरकासरक वाढत जाते आणि बारीक चिरा पडतात. वरून गोळा आरशासारखा दिसतो. दोन तर माझ्यासमोर फुटले. मालक ऐकून घेत नाहीत. डॉक्टरांना विचार, बदलता येईल का? मी वेडा व्हायचा बाकी आहे गं. आईसमोर कोणत्या तोंडाने येऊ?

तिला जप.

तुझा,
दादा

ता. १८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टर नाही म्हणाले. आईच्या हृदयाला पुन्हा भूल झेपणार नाही. तिला खुर्चीत बसवून ठेवलंय. काल मला रडू फुटलं आणि तिला सगळं सांगून बसले. तिने पदराने माझे डोळे पुसले. ती जरा हलली तरी मी धावत जाऊन तिला धरते. एकटीने नाही रे निभत. ये.

तुझी,
धाकटी

ता. २७ जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

धाकटी मला पाणीसुद्धा हातात आणून देते. मी उठले की तिचा चेहरा पांढराफटक पडतो. भीती मलाही वाटते रे, खोटं कशाला बोलू? पण खाटेला खिळलेली मी या पायावर गच्चीत जाऊन आले, ते तुझ्यामुळेच. आता तू तोंड लपवून बसलास, ते मला सोसत नाही.

धाकटी अंघोळीला गेलीय. कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकायला मीच निघालेय. पत्र मिळालं तर समज, तिथवर पोचले. परतीचं सांगता येत नाही, म्हणून उत्तर लिहीत बसू नकोस. निघ.

तुझी,
आई