बंडी पोचली, पाहुणे परतले

सावली, जि. चांदा

तीर्थस्वरूप गुणवंतराव भाऊजींना धाकट्या मेहुणीचा, मनकर्णाचा, वाकून नमस्कार. (राग अजून नाकावर असेल तर लांबूनच समजावा.) इकडे माणसं ठीक, बैलही ठीक. तुमचा गुडघा कसा आहे हे विचारायला तोंड नाही, तरी विचारते. वच्छलाआक्का माझी बाजू घेत असेल तर तिला सांगा, घेऊ नकोस. आणि घेत नसेल तर विचारा, काऊन नाही घेत?

झालं ते सगळं शिवणापायी. माहेरी आक्का आणि मी बाहुल्यांच्या चोळ्या शिवायचो. लग्नानंतर अठरा वर्षं हातात आलं ते दाभण, तेही धानाच्या पोत्यांची तोंडं शिवायला. यंदा गोकुळाला तुमच्या घरी राहून वरोऱ्याच्या शाळेत शिकायचं आहे (पोरीला मास्तरीण व्हायचं आहे, दुसरं काही सुचत नाही), म्हणून तिच्या कपड्यांसाठी सासूबाईंची हातमशीन कोठीमागून ओढून काढली. घरात मोहाचं तेल होतं, तेच तिला पाजलं. मशीन सुरू झाली, मुंग्याही सुरू झाल्या. पण पहिलं पोलकं असं सरळ उतरलं की मला चेव चढला. रांधणं सोडून दिसेल ते कापड मशीनखाली घालू लागले. फार आनंद होत होता, भाऊजी, खोटं कशाला बोलू? उशीचा अभ्रा चारही बाजूंनी शिवला, मग उशी घालायला वाट उरली नाही. गोकुळाच्या बाबांच्या सदऱ्याचा खिसा पाठीवर गेला. ते म्हणाले, "बरं झालं. तंबाखू मलेच सापडत नाई, तं दुसऱ्याले काय सापडन!"

अशात तुमचं कार्ड आलं. 'गोकुळाला न्यायला शनिवारी येतो. मूल गावच्या स्टेशनवर बंडी पाठवा. मागची फार अरुंद होती, पाठ सोलून निघाली. या वेळी ऐसपैस असू द्या, आत मऊ घाला.' आता तुम्हीच सांगा, शिवणानं झपाटलेल्या बाईला यात बैल कुठे दिसावेत? मी अंगात घालायची ऐसपैस बंडी शिवली. मऊ म्हणालात म्हणून आत कापूस भरला (जेठ महिन्याच्या उन्हात कापसाची बंडी कशाला, हे मनात आलं होतं, पण मोठ्या जावयाला विचारायचं कसं?), कागदात बांधली आणि गडी इस्तारीजवळ देऊन त्याला पायी पाठवलं.

पुढचं इस्तारीनं सांगितलं. तुम्ही गाडीतून उतरलात, विचारलंत, "बंडी कुठी हाये?" त्यानं पुडकं पुढे केलं. तुम्ही म्हणालात, "याच्यात मी बसू कसा?" तो म्हणाला, "बसते भाऊ, बटणं सोडली का बरोबर बसते!" यावर तुम्ही काय बोललात ते तो सांगत नाही, नुसता कान धरतो. तुम्ही पुडक्यासकट उलट्या गाडीनं परत गेलात एवढंच कळलं. गोकुळाचे बाबा त्या दिवशी अंगणात जाऊन आपल्या बैलबंडीभोवती फिरले आणि म्हणाले, "हे कोनं शिवली होती वं?" गोकुळा भरलेल्या पेटीवर बसून रडली.

तरी भाऊजी, राग सोडून पुन्हा यावं. तुम्ही आल्याशिवाय तिचे बाबा तिला एकटी पाठवणार नाहीत, आणि शाळा येत्या सोमवारी उघडते. आक्काला नमस्कार.

तुमची मूर्ख मेहुणी,
मनकर्णा

ता. क. बंडी थंडीत कामी येईल. डाव्या काखेत एक टाचणी राहिली आहे, घालण्याआधी तेवढी काढा.

ता. क. वरचं सगळं गोकुळाला वाचून दाखवलं. चार दिवसांनी पहिल्यांदा हसली. आता ती विहिरीवर गेली आहे, म्हणून हे लिहिते. भाऊजी, झाडीपट्टीत जन्मलेल्या बाईला बंडी म्हणजे बैलगाडी हे कळत नाही, असं होईल का? कार्ड वाचलं तेव्हाच कळलं होतं. ते अभ्रे, ते खिसे, सगळं दिवस लांबवण्यासाठीच. तिचं शेवटचं पोलकं झालं की पेटी बंद करायची होती. एकच पोर आहे माझी. आणखी चार दिवस मिळावेत असं वाटलं. मिळाले, आणि चारही दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

शनिवारी या. स्टेशनवर बैल जुंपून मी स्वतः येते. फक्त तिला यातलं काही सांगू नका. आई अडाणी आहे, एवढंच तिला माहीत असू द्या.