पोट धरून रडायला शिकवलं ते

प्रिय बाळा,

एवढा बाप्या झालास तरी मी बाळाच म्हणते, चालवून घे. तुरुंगातल्या गेल्या भेटीतच हे बोलायचं होतं, पण काचेपलीकडून तू नुसता बघत राहिलास आणि मी इकडचं तिकडचं बोलून परत आले.

हॉटेलच्या धुलाईघरात मी इस्त्रीला होते तेव्हा तू सहा वर्षांचा. शाळा सुटली की थेट तिथे यायचास. महिन्यातून एखाद्या दिवशी मी हॉटेलची नवी चादर साडीच्या आत अंगाला गुंडाळून निघायचे, आणि फाटकावरचा म्हातारा पहारेकरी झडतीला पुढे झाला की तू पोट धरून कळवळायचास. तो बिचारा पाणी आणायला धावायचा. मीच शिकवलं होतं तुला. घरी बाबा हसून हसून बेजार व्हायचे, तुला ‘आमचा नट’ म्हणायचे. पुढे चादरी कमी भरल्या आणि नोकरी गेली ती पहारेकऱ्याची. तू विचारलंस, “आई, आजोबांना का काढलं?” मी म्हटलं, “गप जेव.”

खटल्यात सरकारी वकिलांनी सगळं सांगितलं. एकट्या राहणाऱ्या त्या निवृत्त बाईंच्या दारात तू पोट धरून बसलास, पाणी मागितलंस, त्या वळल्या तसा मागोमाग चोरीसाठी आत घुसलास. ढकललंस. त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. हे कुठे शिकलास, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मला उठून सांगता आलं असतं. मी पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. तुला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीनं शेजारची काच फोडली आणि नाव घेतलं त्यांच्या मुक्या मुलीचं. असे टपोरे अश्रू काढले की शेजारणीनं स्वतःच्याच पोरीच्या थोबाडीत दिली. मी दारातच होते. राग यायला हवा होता, पण आधी मनात आलं, काय सुरेख रडते पोरगी! तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

आई नसलेल्या तुझ्या पोरीला तिची परिचारिका मावशी कायमची न्यायला तयार आहे, लांब, दुसऱ्या गावी. अट एकच, तू आणि मी तिला भेटायचं नाही, पत्रही लिहायचं नाही. मी कबूल झाले. सोबतच्या कागदावर बाप म्हणून तुझी सही लागेल. माझी झाली आहे. पोरीनं विचारलं, आजी, तू कधी येशील? “रविवारी,” मी पटकन म्हणून गेले. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. सही कर, बाळा.

तुझीच, तुला घडवणारी,
आई