वीस बाय दहाचा मी

३ ऑगस्ट २००८, रविवार
आज किशोरचा वाढदिवस. फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागला. सख्खा चुलतभाऊ असला तरी खरं ते लिहायला हवं. फ्लेक्स गरजेपेक्षा मोठा आहे. मधे किशोर, कानाला मोबाईल, गळ्यात चेन, बोटात पोवळ्याची अंगठी. खाली शुभेच्छुकांच्या चार ओळी. घरचा माणूस म्हणून मी पहिल्या ओळीत असणार असं धरून चाललो होतो. पहिलीत नाही. दुसरीत नाही. तिसरीतही नाही. चौथ्या ओळीत शेवटून दुसरा सापडलो, तर नेमका समोर लाइटचा खांब. डावीकडे सरकून बघितलं की अर्धा कान दिसतो. आणि नाव काय, तर ‘बहिरू’. नुसतं! दूधवाला गेणबा ‘गेणबाशेठ’ झाला आणि मी शाळेच्या हजेरीतला बहिरू.
संध्याकाळी केक खायला गेलो. दोन तुकडे खाल्ले. निषेध म्हणून तिसरा घेतला नाही.

४ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. मला मत्सर वाटत नाही. मत्सर बरोबरीच्या माणसाचा वाटतो. किशोर माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान, शाळेत माझी गणितं उतरवायचा. आता लोकांच्या जमिनीच्या व्यवहारात मधे बसतो आणि अख्खा गाव त्याला भाऊ म्हणतो.
मुद्दा वेगळा आहे. आमच्या तंटामुक्त गाव समितीचे अध्यक्ष विठ्ठलराव गुडघ्यांमुळे पद सोडणार आहेत. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत नवा अध्यक्ष निवडायचा. गावात शांत डोक्याचा माणूस मी एकटाच. पण हे गावाला कळायचं तर आधी मी फाट्यावर दिसलो पाहिजे. माझा वाढदिवस ९ नोव्हेंबर, ग्रामसभा पुढच्याच रविवारी. हा योग आहे.
निश्चय: माझा स्वतःचा फ्लेक्स. किशोरचा पंधरा बाय आठ होता (पावलांनी मोजला). माझा वीस बाय दहा. किशोरनं डिझाइन बावधनच्या माणसाकडून करून घेतलं, म्हणजे त्यात त्याचं कर्तृत्व काय? मी स्वतः करणार. घरी. माझ्या कॉम्प्युटरवर.

१० ऑगस्ट
रेश्माला सांगितलं. ती म्हणाली, भूगावच्या फ्लेक्सवाल्याकडं फोटू दिला तर दोन तासांत करून देतोय की. बायकोला दूरदृष्टी नाही.
कॉम्प्युटर तयार घेणार नाही. किशोरच्या ऑफिसात तयार आणलेला आहे, काळा, मुका. तयार कॉम्प्युटर म्हणजे खानावळीचं जेवण. मी सुटे पार्ट आणून जोडणार.
वरच्या खोलीतला भाडेकरू मनीष लातूरकडचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला विचारलं. म्हणाला, काका, फोटोचं काम करायचं तर पैसा रॅममध्ये आणि मॉनिटरमध्ये घाला, कॅबिनेट कुठलंही चालेल. मुलगा हुशार आहे. फक्त मला काका म्हणतो आणि किशोरला किशोरभाऊ. आठ महिन्यांचं अंतर आहे आमच्यात!

१७ ऑगस्ट
पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन सगळं आणलं. कॅबिनेट असं मिळालं की काय सांगू. एका बाजूला काच, आत निळे लाइट, तीन पंखे. त्यापायी रॅम ठरल्याच्या निम्मी घ्यावी लागली आणि यूपीएस हलका. पण रॅम आत असते, कोणाला दिसते? लाइट रस्त्यावरून दिसतात.
मॉनिटर बावीस इंची. किशोरचा सतरा.

२४ ऑगस्ट, दुपार
जोडला. मनीषला हात लावू दिला नाही. दोन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असावी.
बटण दाबलं. निळे लाइट लागले, पंखे फिरले, खोली ट्रॅव्हल्सच्या गाडीसारखी झाली. मॉनिटरवर मात्र काही नाही. वाट बघितली. चहा घेतला. पुन्हा वाट बघितली. आई म्हणाली, लायटिंग झ्याक हाय, औंदा गणपती हितंच बसवू.

२५ ऑगस्ट
मनीषनं कामावर जाता जाता बघितलं. रॅम नीट बसली नव्हती. त्यानं अंगठ्यानं दाबली, टक्कन आवाज झाला, चालू. मी आज तेच करणार होतो.
जाताना म्हणाला, काका, रॅम कमी पडेल, किशोरभाऊंनी माझं ऐकून डबल टाकली. म्हणजे हा तिकडेही सल्ला देतो! माझ्या घरात राहतो, माझ्या नळाचं पाणी भरतो आणि रॅम किशोरची वाढवतो.

१४ सप्टेंबर
फोटोशॉप शिकतोय. बरंच जमलं. काल गेणबाच्या म्हशीला दोन डोकी लावली. पण मशीन जड चालतं. शेवटी मनीषला बोलावलं. त्यानं मागे वाकून बघितलं. मॉनिटरची वायर मी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊनही मदरबोर्डला लावली होती. कार्ड तीन आठवडे नुसतं बसून होतं.
आमच्या खानदानात ही सवय कोणाची आहे ते मी लिहीत नाही.

९ ऑक्टोबर, दसरा
आईनं मशीनची पूजा केली. समोरच्या पंख्यालाच हळदकुंकू वाहिलं. पंख्यानं ते आत ओढलं आणि मागच्या पंख्यानं भिंतीवर मारलं. गणपतीच्या आधी रंगवलेली भिंत गुलाबी. आई म्हणाली, देवानं पावती दिली.
संध्याकाळी किशोर सोनं द्यायला आला. मशीन बघून म्हणाला, दादा, काय लाइट हायेत रं, एक नंबर! मला क्षणभर तो बरा माणूस वाटला. तेवढ्यात विचारलं, रॅम किती टाकलीस? मुद्दाम विचारलं. मी त्याला पेढा दिला आणि विषय संपवला.

१९ ऑक्टोबर
फ्लेक्ससाठी माझा फोटो पाहिजे. घरातले सगळे बघितले. प्रत्येकात मी रेशनकार्डाच्या फोटोला उभा असल्यासारखा. रेश्मानं जत्रेतला एक काढून दिला. म्हणाली, ह्या एकातच तुमी माणसागत दिसताय. खरंच चांगला आहे. मी मनापासून हसतोय. फक्त शेजारी किशोर आहे आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर.
किशोरला काढायचं. आता ते माझ्या हातात आहे.
पिरंगुटला जाऊन फोटो स्कॅन करून आणला.

२४ ऑक्टोबर
मनीष म्हणाला, काका, फ्लेक्स लोक लांबून बघतात, रिझोल्यूशन कमी ठेवा, तीनशे पुस्तकाच्या छपाईला लागतं, तुमचं मशीन बसेल. मी तीनशे ठेवलं. माझ्या मिशीचा प्रत्येक केस दिसला पाहिजे. शिवाय मनीष किशोरच्या केकला हजर होता हे मी विसरलेलो नाही.
वीस बाय दहा फूट, तीनशे. मशीन बसलं. बंद करून चालू केलं. बसलं. डिस्क भरली असा निरोप आला. सगळे पंखे एकदम ओरडायला लागले आणि आई बाहेरून म्हणाली, गिरन चालू झाली का काय. कसंबसं सेव्ह करायला घेतलं तर लोडशेडिंग. यूपीएस चारदा किंचाळला आणि गेला. दोन दिवसांचं काम गेलं.
किशोरकडे इन्व्हर्टर आहे. असेल.

२८ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. मशीनला सुट्टी. किशोरकडचे फटाके आमच्यापेक्षा वीस मिनिटं जास्त चालले.

२ नोव्हेंबर
रिझोल्यूशन कमी केलं. हा निर्णय माझा. मनीषला कळवायची गरज नाही. मशीन एकदम पळायला लागलं.
आज किशोरला काढलं. काढण्याआधी त्याच्या गळ्यातली चेन कापून माझ्या गळ्यात घातली. चेन घरातच राहिली. मग डोकं पुसलं, मग पोट, मग पाय. मागे जत्रेचा पाळणा होता, तो त्याच्या जागी पसरवला. सुरेख. फोटोत मी एकटा आणि मी हसतोय. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.
चेहरा थोडा उजळ केला. रेश्मानं बघून विचारलं, बरं न्हाई का तुमाला? उजळपणा एक घर मागे घेतला.
राहिला हात. खांद्यावर चार बोटं आणि अंगठी. तो पुसायला गेलं की खांदाही जातो. पहिल्यांदा खांद्याला भोक पडलं. दुसऱ्यांदा खांदा उंदरानं कुरतडल्यासारखा झाला. तिसऱ्यांदा मशीन बसलं. रॅम थोडी जास्त असायला हवी होती, पण हे फक्त इथे.

५ नोव्हेंबर
फ्लेक्सवाला म्हणतो, परवापर्यंत सीडी दे, न्हाईतर नऊ तारीख इसर.
सकाळपासून त्या हाताकडे बघतोय. हळूहळू लक्षात आलं की हात चांगला दिसतो. जणू माझ्या मागे कोणीतरी मोठा माणूस उभा आहे. लोक विचारात पडतील. पुढाऱ्याच्या फोटोत असं गूढ काहीतरी लागतंच. हात राहू दे. असं मुळातच ठरलेलं होतं म्हणायचं.
नाव: भैरवशेठ. खाली: शांत, संयमी, निःपक्ष नेतृत्व. शुभेच्छुकांच्या पाच ओळी, अख्खा गाव घेतला. मनीषलाही घेतला, शेवटच्या ओळीत. किशोरला जागा उरली नाही. एक चौकोन रिकामा राहिला, तिथे मोर टाकला.

७ नोव्हेंबर
सीडी दिली. फ्लेक्सवाल्यानं मोठं करून बघितलं आणि विचारलं, शेठ, हात कुनाचा? मी म्हणालो, आशीर्वाद. त्यानं पावती फाडली. समजूतदार माणूस.

९ नोव्हेंबर, सकाळी ८
लागला! वीस बाय दहा. पलीकडच्या वळणापासून मी दिसतो. मिशी स्पष्ट. खांबाच्या आड मुद्दाम मोर ठेवला आहे. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण आहोत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सगळं लिहितो. एकदाच.
साडेआठला गेणबा दुधाची किटली ठेवून बघत उभा राहिला. म्हणाला, हात कुनाचा? मी म्हणालो, आशीर्वाद. तो म्हणाला, आशीर्वादाच्या बोटात पोवळं? आणि हसत हसत टपरीवर गेला. तिथून पसरलं. पाच ओळी शुभेच्छुक आहेत, पण आज एकानंही स्वतःचा फोटो शोधला नाही. जो येईल तो हाताकडे बघतो आणि बरोबर नाव सांगतो. फ्लेक्स माझा, वाढदिवस माझा, कॉम्प्युटर माझा, आणि दिवसभर फाट्यावर बोलणं फक्त किशोरचं!
दहाला किशोर आला. हातात केकचा बॉक्स. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की ही तांत्रिक अडचण आहे. तो फ्लेक्ससमोर उभा राहिला. सगळं सावकाश वाचलं. शुभेच्छुकांच्या पाचही ओळी बघितल्या, मोरापाशी थांबला. मग माझ्या गळ्यातली चेन बघितली, मग स्वतःच्या गळ्याला हात लावला. टपरीवर कोणी कप खाली ठेवेना. आई आणि रेश्मा तिथेच होत्या. मला वाटलं, आता हा बोलणार आणि मी ऐकणार, आणि त्याचं बरोबर असणार.
तो म्हणाला, दादा, तू लई झ्याक आलायस. मी म्हटलं, किशोर, जागा नव्हती रे. तो म्हणाला, व्हय, दिसतंय की. हात तेवढा ठेवलास, बास झालं.
आणि जवळ येऊन हात खांद्यावर ठेवला. त्याच खांद्यावर, तसाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर फोटो काढले. मला लाज वाटली. फार वाटली. रेश्मा माझ्याकडे बघत नव्हती. आई म्हणाली, बहिरू, केक काप.
केक चांगला होता.

१० नोव्हेंबर
फ्लेक्स उतरवावा का? ग्रामसभेपर्यंत राहू दे. लोकांच्या लक्षात राहिलो हे तरी खरं. तंटामुक्तीला माणूस चर्चेतला लागतो. भाषणाचे मुद्दे काढले: संयम, त्याग, कुटुंबातील एकोपा. शेवटचा मुद्दा खोडला.

१६ नोव्हेंबर, रविवार
ग्रामसभा. पांढरे कपडे घालून पुढच्या सतरंजीवर बसलो. विठ्ठलराव काठी टेकत उठले. म्हणाले, मी इतकी वर्सं तंटे मिटवले, पर फाट्यावर तंट्याचा एवडा मोटा फ्लेक्स कदी बगितला न्हवता. सगळे हसले. मीही हसलो, सगळे हसतात तेव्हा वेगळं बसून चालत नाही. मग म्हणाले, ज्याला भावानं पुसून टाकला त्योच केक घिऊन आला आन् गळ्यात पडला. तंटा हितल्या हितं मिटला. असा मानूस गावाला पायजे. मी किशोरचं नाव सुचवतो.
किशोर उठून म्हणाला, मला नगं, दादाला करा, त्याला लई हौस हाय. कोणी ऐकलंच नाही.
विठ्ठलराव म्हणाले, अनुमोदन कोन देतंय? गेणबा उठायला लागला. मी त्याच्या आधी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं.
अनुमोदन मी दिलं. दुसऱ्या कोणी दिलेलं मला बघवलं नसतं.