चौथं कडवं

३ नोव्हेंबर
एडविन ट्रेलॉर नावाची धोंड आजपासून माझ्या गळ्यात. रेजी, आमचा प्रोड्यूसर, गोड बोलून काम लादण्यात पटाईत. "नसीम, ब्रिटिश कंपोजर है, रेडियो का बहुत बड़ा आदमी. उसकी पूरी लाइफ, छह एपिसोड. एडिटिंग तू ही करेगी, खलास." म्हणजे म्हाताऱ्याने आठवणी सांगायच्या आणि मी त्याचे खोकले कापायचे. वय एकोणऐंशी, राहायला अल ऐन. माझ्या घरून, करामाहून, दर खेपेला दीड तास गाडी हाकायची ती मीच.

६ नोव्हेंबर
अल ऐन. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, नाहीतर घरघर येते. साहेब कोरडे ठणठणीत, मी निथळतेय.
आजचा विषय बालपण. वडील पियानो दुरुस्त करायचे, हा चर्चमध्ये गायचा, मग स्कॉलरशिप. गरिबी आली की आवाज बरोब्बर खाली घेतो. ऐकणाऱ्याने कुठे हळहळायचं ते याने आधीच ठरवलेलं असतं. आयुष्यभर माइकपुढे बसलेला माणूस, दुसरं काय करणार.
मला "माय डियर" म्हणतो. नाव तीनदा विचारलं.

१० नोव्हेंबर
भाग दोन आणि तीन कापून झाले. रेडिओवर नोकरीला लागला, लोकांची पत्रं, दोन बायका, त्यांतली एक इथल्या कॉलेजात शिकवायची म्हणून हा इकडे आला. बायकांना मिळून साडेतीन मिनिटं. स्वतःच्या एका सिंफनीला अकरा.
त्याने व्हायोलिनसाठी लिहिलेलं एक छोटंसं काही ऐकलं. दोनदा ऐकलं. चांगलं आहे. त्याचाच जास्त राग आला.

१५ नोव्हेंबर
पुन्हा अल ऐन.
भाग पाच. म्हाताऱ्याचं सगळ्यात गाजलेलं काम. आधी एका बाईचा जुना टेपवरचा आवाज, मग त्याच्याभोवती सगळा कॉयर. जगभर वाजलंय म्हणे. साहेब सांगू लागले, "उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर एक अनाम कोळीण जाळं विणत गात होती. मी टेप सुरू केली." आणि त्याने ते वाजवलं.
अम्मी.
पहिल्या ओळीतच कळलं. आमचं हळदीचं गाणं. गाणारी बाई कडव्याकडव्यात घरातल्या बायकांची नावं गुंफत जाते आणि शेवटच्या कडव्यात नवरीचं नाव घेते. पहिल्यात माझी फुफी, दुसऱ्यात खाला, तिसऱ्यात मोठी चाची. सगळ्या आमच्या घरातल्या! तिथेच संपलं, मग कॉयर सुरू.
अब्बा तेव्हा उम्म अल कुवैनला बंदरावरच्या ऑफिसात कारकून. मी चार वर्षांची असेन.
वायरी गुंडाळल्या आणि निघाले. साहेब दारातून म्हणाले, "लव्हली, इझन्ट शी?"

१६ नोव्हेंबर
नाश्त्याला अम्मीला सांगितलं. मला वाटलं रडेल.
"कोलीन? मी? मी कदी मासली इकली?"
बस, तेवढंच लागलं तिला. दापोलीकडच्या मास्तराची मुलगी, आणि तिला याने जाळं विणायला बसवलं. जाळं कुठलं, आमच्या बैठकीच्या खोलीत पडद्याआड बसून गायली होती. "गोरा आलेला, लंबा. अब्बा म्हनले, गा."
झोया जाम खूश. "नानी, यू आर फेमस! ममा, जस्ट सू हिम."
अम्मी म्हणाली, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही. कार्यक्रमात तिचं नाव आलंच पाहिजे. पूर्ण नाव, सकीना काझी. म्हाताऱ्याच्याच तोंडून.

१९ नोव्हेंबर
अल ऐन. वाटेत सगळं भाषण पाठ केलं होतं. पोचल्यावर एकच वाक्य निघालं, "ती माझी आई आहे."
म्हाताऱ्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मिस्टर काझींची मुलगी तू?"
अब्बांचं नाव याच्या लक्षात! माझं तीनदा विचारलं होतं.
म्हणाला, तुझे वडील तेव्हा खिडकीशी उभे होते. गाणं घेऊन जा म्हणाले, पण गाणारी कोण, तिचं नाव बाहेर जायला नको. मी हात मिळवला. इतकी वर्षं पाळलं.
मी तिथे बसून अब्बांवर चिडले. मेलेल्या माणसावर. पण ते असंच म्हणाले असणार, यात शंका नाही. रेडिओवरच्या सुगम संगीताला वाहवा करायचे आणि अम्मीला हाक मारायची तर "नसीमची अम्मी."
मग विचारलं, "आणि कोळीण कुठून आणलीत?"
"रेडिओवर कोणीतरी दिसावं लागतं, माय डियर."
मी म्हटलं, नाव न सांगणं वेगळं, खोटी बाई उभी करणं वेगळं. माझ्या इंग्रजीत ते हवं तितकं लागलं नाही. तरी मान खाली घातली त्याने. मला त्याने भांडायला हवं होतं. हे सभ्य लोक भांडणाचीही मजा घालवतात.
शेवटी म्हणाला, तुझ्या आईने सांगितलं तर मी नाव घेतो, कोळीणही काढतो. पण शब्द तुझ्या वडिलांना दिलाय, तो सोडवायचा तर तिनेच. आणि त्या दिवसाची अख्खी टेप दिली, कॉम्प्युटरवर उतरवलेली. "मी वापरली त्याहून लांब आहे."

२१ नोव्हेंबर
उम्म अल कुवैनचा आमचा स्टुडिओ. शेजारचं वर्कशॉप जुम्म्याच्या नमाजाला बंद होतं, तेव्हाच कान देऊन ऐकता येतं. टेप लावली.
तीन कडवी. पुढे चौथं आहे. नवरीचं.
पण त्या दिवशी नवरी कुठली? लग्न नव्हतंच. नवरीच्या जागेवर अम्मी क्षणभर थांबते, श्वास घेते आणि स्वतःचं नाव घेते. सकीना. सकीनाच्या हाताला हळद, सकीनाच्या दारी मांडव. अब्बा खिडकीशी उभे असताना. तिचा आवाज तिथे जरा वर जातो, बाकी कुठे गेलेला नाही.
मागे एक पोर भोकाड पसरतं. मीच.
रेजी जेवून आला. "क्या हुआ?" त्याला ऐकवलं. म्हणाला, "बच्चा रो रहा है ना पीछे, इसीलिए काटा होगा. मैं भी काटता."
मीही कापलं असतं. रोज तेच करते. एवढे दिवस म्हाताऱ्याला शिव्या घातल्या आणि अम्मीचं नाव तिथून गेलं ते माझ्या रडण्यापायी. तरी त्याला माफ वगैरे केलेलं नाही. कोळीण त्याचीच.

२३ नोव्हेंबर
दुपारी अम्मीला हेडफोन लावून दिला. झोया कॉलेजात. ऐकताना अम्मीचा अंगठा मांडीवर ठेका धरत होता. चौथ्या कडव्याला थांबला.
हेडफोन काढून ठेवला. मी विचारलं, "तुझंच नाव घातलंस?"
"नवरीची जागा रिकामी ठेवत नाय."
"अम्मी, हे कडवं लावू? साहेब नावही सांगायला तयार आहे. तू हो म्हण फक्त."
भाजी निवडायला घेतली. दोन जुड्या निवडून झाल्या. मग म्हणाली, "अब्बांना इचार."
अब्बांना जाऊन सात वर्षं झाली. हे तिला सांगायचं?

२४ नोव्हेंबर
रेजीचा मेसेज, भाग पाच उद्या बारापर्यंत, यल्ला, आटप लवकर. साहेबाचा फोन, आई काय म्हणाली. अजून काही नाही, म्हटलं. मी वाट बघतो, म्हणाला. आज पहिल्यांदा नसीम म्हणाला. मी तरी साहेबच म्हटलं.
दोन फाइली तयार आहेत. एकीत तीन कडवी. दुसरीत चार, मागच्या रडण्यासकट, ते मी काढलेलं नाही.
अम्मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. गुणगुणतेय, तेच. तिसरं कडवं झालं. आता थांबलीय, नवरीच्या जागेवर.