अमेरिकेवाल्याचा भरवसा

भद्रावती
गुरुवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय सुगंधाबाईस,
धाकट्या भावाचा, वामनचा सप्रेम जयभीम.

आम्ही उभयता इकडे ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. बीपीची गोळी सकाळची सकाळीच घेत जा, जेवल्यावर आठवली म्हणून दोन घेऊ नकोस. वडसाला झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू झाला असेल. थंडीत रात्रभर मंडपात बसणार असशील तर कानाला बांधून बस. आता आधी एक घोट पाणी पी आणि पुढचं वाक्य वाच. प्रफुलचं जमलं. गडचिरोलीच्या मुखरू गुरुजींचा होकार आहे, त्यांच्या दिव्यानीचा तर त्यांच्याआधी होता. मोठ्या मुलाच्या लग्नासाठी तू सात वर्षं जीव टांगणीला लावून बसली होतीस, तो आता खाली उतरव.

एवढी गोड बातमी मी फोन न करता पत्राने का कळवतो आहे, हा प्रश्न तुला पडला असेलच. त्याचं उत्तर असं की फोनवरचा माझा विश्वास मंगळवारी संध्याकाळी उडाला. शिवाय घडलेली हकीकत तुला तुझ्या भावजयीकडून, केसरकडून कळणारच आहे, आणि ती तिखटमीठ लावून सांगेल. म्हणून बिनतिखटाची आधी तुझ्या हाती पडावी, एवढीच इच्छा.

आमच्या अंगणातल्या अमेरिकेवाल्याला तू ओळखतेसच. (गेल्या दिवाळीत तू त्याच्यावर उडदाच्या वड्या वाळत घातल्या होत्यास. मी काही बोललो नाही, पण लक्षात ठेवलं.) बावीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांची ही अमेरिकी बनावटीची हार्लन गाडी मी घेतली. त्या साहेबांनी ती नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती, म्हणजे मी तिसरा मालक. गाडी म्हणजे ती, हे मला शाळेपासून माहीत आहे. पण ह्याचं ते रुंद कपाळ आणि खोकणं ऐकून ह्याला 'ती' म्हणवेना. भद्रावतीत सगळे अमेरिकेवालाच म्हणतात. पुढे आपला प्रफुल शिकायला अमेरिकेत गेला आणि परत येऊन नागपुरात नोकरीला लागला, तेव्हा नातेवाइकांनी त्यालाही तेच नाव ठेवलं. एका घरात दोन अमेरिकेवाले झाले. तेव्हाच कुणीतरी पाटी लावायला हवी होती.

प्रफुलनेच मला तिकडून इंटरनेटवरची एक जागा दाखवली होती. तिथे जगभरातले मालक आपापल्या गाडीबद्दल खरंखरं लिहितात आणि भरवशाला पाचापैकी गुण देतात. कंपनी काय म्हणते ते नाही, ज्याच्या अंगणात ती उभी आहे तो काय म्हणतो ते. मला हे फार आवडलं. तीस वर्षं स्टोअरकीपर होतो बाई, वस्तू जशी असेल तशी लिहायची ही सवय हाडात आहे. मी प्रामाणिकपणे सगळे दोष लिहिले आणि पाचापैकी दोन गुण दिले. हार्लनच्या त्या यादीत भारतातून मी एकटाच आहे. ओहायोच्या एका म्हाताऱ्याने मला उलट लिहिलं की त्याचीही डावीकडे वळताना आपोआप हॉर्न वाजवते. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी केसरला शिरा करायला सांगितला. (तिने केला नाही.)

तर ह्या दिवाळीनंतर केसरने निर्वाणीचं सांगितलं, अंगणात एक तो राहील नाहीतर मी राहीन. भंगारवाला दारात येऊन गेला. त्याने हातोडीने बॉनेटवर टकटक केली तेव्हा मी त्याला चहा न देताच परत पाठवला. मी ठरवलं की पैसा घ्यायचा नाही, पण चांगल्या घरी द्यायचा. मोहर्लीला लालसूभाऊ म्हणून एक जण आहेत, त्यांचं वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी लॉज आहे. त्यांना दारात उभी करायला जुनी गाडी हवी होती. ते मंगळवारी पाच वाजता फोन करणार होते. मी चार वाजल्यापासून फोन मांडीवर घेऊन बसलो.

आणि तू, बाई, मुखरू गुरुजींना माझा नंबर दिलास. प्रफुल शाळेला आमच्याकडे होता, म्हणून मामाला विचारा म्हणालीस. हे तू केसरला कळवलंस, केसर मला सांगायला विसरली. मी कुणालाच दोष देत नाही. (देतो, पण पत्रात लिहीत नाही.)

बरोबर पाचला फोन वाजला. पलीकडून मोठ्या अदबीने आवाज आला, "भाऊ, तुमच्याकडच्या अमेरिकेवाल्याबद्दल जराशिक विचाराचं होतं." मी म्हटलं, विचारा, लपवाछपवी आपल्याकडे नाही. त्यांनी आधी तिकडच्या कंपनीचं विचारलं. मला मनुष्य एकदम जाणकार वाटला. एरवी लोक अ‍ॅव्हरेज विचारतात, हा मुळापासून सुरुवात करतो आहे. मग मी त्यांना हार्लनचा सगळा इतिहास सांगितला. तिघे भाऊ होते, घोडागाडीची चाकं करायचे, शंभरावर वर्षांपूर्वी मोटारीत शिरले. थोरल्याचं धाकट्यांशी पटेना, कोर्टकचेरी झाली. लढाईत लष्कराचे ट्रक करून सावरले, पुढे पुन्हा बसले. तीन मालक बदलले. आपल्या देशात वाजतगाजत आले आणि दहा वर्षांत गाशा गुंडाळून गेले. आता कंपनी एका बँकेच्या ताब्यात आहे. पलीकडून 'अस्सं' एवढंच आलं. मग त्यांनी विचारलं की मग ह्याचं आता पुढं कसं? मी म्हटलं, तोच तर घोर आहे, मोठं दुखणं निघालं तर इकडे इलाज नाही.

त्यानंतर त्यांनी स्वभाव विचारला. (गाडीचा स्वभाव विचारणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.) मी हातचं काही राखलं नाही. थंडीत सकाळी उठत नाही, चार जणांनी धक्का दिला तर उठतो, उठला की अर्धा तास खोकतो. पितो, आणि भरपूर पितो. डाव्या डोळ्याने जेमतेम दिसतं. चढावर दम लागतो. पावसाळ्यात गळतो. डावीकडे वळलं की विनाकारण ओरडतो. शेवटी हेही सांगून टाकलं की माझ्याकडे येण्याआधी त्याची दोन घरं झालेली आहेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "भाऊ, भरवशाचा तरी हाय काय?"

मी म्हटलं, पाचापैकी दोन. पण मग मला त्या बिचाऱ्याची दया आली आणि अमेरिकेवाल्याचीही आली. त्या यादीत गुणांसाठी जागा होती, पण ज्यासाठी नव्हती तेही मी सांगितलं. म्हटलं, ह्याने मला त्रास पुष्कळ दिला, पण बावीस वर्षांत एकदाही अर्ध्या रस्त्यात टाकून गेला नाही. खोकत, ओरडत, पण घरी आणून सोडलं. देण्याघेण्याचं त्यांनी चाचरत विचारलं, तेव्हा मी म्हटलं एक पैसा नको, चांगल्या घरी पडला म्हणजे झालं, आमचं अंगण मोकळं होईल. येऊन पाहून जा, धुऊनपुसून ठेवतो. ते 'धुऊनपुसून?' म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी खुशीत चहा मागितला. केसर कप घेऊन आली आणि तेव्हा कुठे तिला आठवलं. म्हणाली, प्रफुलसाठी गडचिरोलीच्या सोयऱ्यांचा फोन येणार आहे, जरा नीट बोलाल. आणि तेवढ्यात फोन वाजला. मी सरसावून बसलो. पलीकडचा म्हणाला, "अमेरिकेवाला चालू हाय ना, भाऊ?" मला राग आला. आपल्या पोराला चालू म्हणतो? मी म्हटलं, अजिबात चालू नाही, एकदम साधा आहे. तो म्हणाला, मंग बंद हाय काय? मी म्हटलं, बंद कसा असेल, बोलतो, पण कमी बोलतो. त्याने विचारलं, पितो किती? मी छाती पुढे काढून सांगितलं, थेंबसुद्धा नाही. ह्यावर तो म्हणाला, "थेंब बी नाई? मंग चालते कशावर?"

मी म्हटलं, वरणभातावर.

नंतर तो म्हणाला की घेऊन गेलो की गेटासमोर उभा करून ठेवीन, पाहुणे येता-जाता सोबत फोटो काढतील. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा लालसूभाऊ आहे आणि आधीचे मुखरू गुरुजी होते. बाई, मी 'नंतर बोलतो' म्हणून फोन ठेवला. केसरला सगळं सांगितलं. सातवं स्थळ मोडलं तेव्हा तुला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, ते आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर आलं. प्रफुल तेहतीसचा झाला. गुरुजींना फोन लावायची हिंमत होईना. जे सांगितलं ते परत कसं घ्यायचं? 'तो पीत नाही, गाडी पिते' असं म्हटलं असतं तर त्यांनी मलाच प्यायलेला समजलं असतं. केसरने रात्री भाकरी केली नाही आणि मी मागितली नाही.

सकाळी नऊला दाराशी रिक्षा थांबली. आधी गुरुजी उतरले, पाठोपाठ एक उंचशी मुलगी उतरली, ती दिव्यानी. मला वाटलं, तोंडावर नाही म्हणायला आले. गुरुजींनी जयभीम केला आणि उभ्यानेच बोलायला लागले. "भाऊ, मी आठ जागी फोन केले. साऱ्यायनं सांगतलं पोरगा सोनं हाय. मले झोप नाई आली. जमलेल्या सोयरिकीत भांजी कोण मारते, सारे गोडच बोलतात. तुमी एकटे मामा असून खरं बोलले. मनलं, ह्या माणसाचे पाय पाह्यले पाहिजेत. पिणं सुटंल काय त्याचं, एवढंच सांगा."

 'सुटेल' असं खोटं बोललो असतो तर तिथेच निभावलं असतं. पण केसरने गुरुजींना हाताला धरून, म्हणजे हाताने खुणावून, अंगणात नेलं आणि ताडपत्री ओढली. म्हणाली, गुरुजी, हा पितो. पोरगा नाई पीत.

गुरुजी पाच मिनिटं गाडीभोवती फिरले. डावा दिवा पाहिला. हॉर्न पाहिला. मग तिथल्या बाजेवर बसले आणि म्हणाले, म्हणजे पोराबद्दल तर मले अजून काईच नाई मालूम. हे ऐकून माझा धीर पुरता सुटला. पण ती पोरगी हसायला लागली होती, पदर तोंडाला लावून नाही, चांगली मोठ्याने. ती म्हणाली, "बाबा, जो माणूस गाडीचं खोटं सांगत नाई, तो भाच्याचं काऊन सांगंल? आता विचारा ना त्यायले." आणि माझ्याकडे वळून तिनेच विचारलं, मामाजी, प्रफुलले पाचापैकी किती?

बाई, परीक्षेत मी कधी एवढा घाबरलो नव्हतो. मी म्हटलं, चार. एक कापला, कारण तोही थंडीत लवकर उठत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकतो आणि मनात असेल ते तोंडावर यायला त्याला तीन दिवस लागतात. आणि मग मी करोनाचं सांगितलं. मला नागपूरला ऑक्सिजनवर ठेवलं होतं, केसरला आत सोडत नव्हते, तेव्हा हा तिकडून रोज फोनवर असायचा. तिकडे रात्र असो की दिवस, मी झोपेपर्यंत फोन ठेवायचा नाही. काही बोलायचा नाही ग. नुसता पलीकडे असायचा. विमानं सुरू झाल्यावर तो तिकडची नोकरी सोडून आला, ते कशामुळे हे त्याने आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी मात्र सांगून टाकलं. 

गुरुजी म्हणाले, म्हणजे हा बी रस्त्यात टाकून जात नाई. दिव्यानी केसरला चहा करायला मदत करायला आत गेली. चहा होईपर्यंत होकार झाला होता. मग ते रिक्षा शोधायला निघाले, तर मी म्हटलं अमेरिकेवाला सोडेल स्टँडवर. गुरुजी, दिव्यानी, केसर आणि शेजारचे हरिदासभाऊ अशा चौघांनी धक्का दिला. तिसऱ्या दमात उठला. डावीकडे वळताना ओरडला, आणि मागच्या सीटवर पुन्हा ती पोरगी हसली. काल रात्री मी बऱ्याच दिवसांनी ढाराढूर झोपलो.

गोळी घे. प्रफुलला ह्यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
वामन

ता. क. : लालसूभाऊंना मी निरोप धाडला की अमेरिकेवाल्याचं दुसरीकडे जमलं. ते हळहळले. वरणभातावर चालणारी गाडी त्यांना पुन्हा मिळायची नाही.

ता. क. २ : दिव्यानीचा एकच हट्ट आहे, वरात अमेरिकेवाल्यातूनच काढायची. तेव्हा वडसाहून नाचणारे कमी आण आणि ढकलणारे जास्त आण.

ता. क. ३ : म्हणजे लग्न होईपर्यंत तो अंगणातून हलत नाही. केसरला हे मी सांगितलेलं नाही, तू सांग, तुझं ती ऐकते. आणि बाई, सात वर्षं थांबलीस, आता घाई करू नकोस. गुरुजी जानेवारीतली तारीख म्हणतील, तू एकदम बुद्धपौर्णिमा धर. थंडीत तो उठत नाही, असं सांग. कोण, ते विचारलं तर दोघंही, म्हण. खोटं नाही.